१.६ टीबी घरगुती डेटा गूगल ड्राइव्हवर चढवायचा आहे, नीट पद्धत कोणती?

दप्तरदार

नमस्कार मंडळी. घरच्या तीन जुन्या डिस्कवरचा सगळा डेटा ४ टीबीच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर एकत्र केला आहे. एकूण १.६ टीबी. त्यात व्हिडिओ ९५० जीबी (सुमारे ४,००० फाइली), कॅमेऱ्यातले फोटो ५६० जीबी (सुमारे ९०,०००), आणि व्हॉट्सॲपचे फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, जुन्या वर्ड फाइली असं किरकोळ ९० जीबी. या किरकोळच्याच फाइली १,४६,००० आहेत.

लाइन फायबरची आहे, ५० एमबीपीएस, अपलोडही तेवढंच. लॅपटॉप विंडोज ११, रॅम ८ जीबी. गूगलचा २ टीबीचा प्लॅन घेतला आहे.

किती दिवस धरायचे? सगळं झिप करावं की आहे तसं पाठवावं? मध्येच वीज गेली किंवा लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, यासाठी काय करायचं? सगळं खरंच पोचलं याची खात्री कशी करायची? यात आधार, पॅन आणि घराचे कागद आहेत, ते उघडे ठेवावेत का हेही सांगा. बऱ्याच फाइलींची नावं मराठीत आहेत.

शून्यएक

आधी हिशेब. लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइली बाइटमध्ये, म्हणून ५० ला ८ ने भागा. सेकंदाला ६.२५ एमबी, म्हणजे तासाला २२.५ जीबी आणि दिवसाला ५४० जीबी. १,६०० जीबीला ७१ तास लागतील. लाइन काठोकाठ वापरायची नसते, म्हणून ८५ टक्केच धरा: ८४ तास, साडेतीन दिवस. गूगल ड्राइव्हवर एका खात्यातून दिवसाला ७५० जीबीच चढवता येतात. तुम्हाला ती मर्यादा आड येणार नाही, कारण ती गाठायला चोवीस तास सलग ७० एमबीपीएसच्या आसपास वेग लागतो. १०० एमबीपीएसची लाइन असणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं: सोळा-सतरा तासांनी ४०३ क्रमांकाची एरर यायला लागते. त्यात लाइनचा दोष नसतो, दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू होतं.

हा हिशेब मोठ्या फाइलींपुरता झाला. खरी अडचण त्या किरकोळ ९० जीबीत आहे. ड्राइव्हवर नव्या फाइली तयार करण्याच्या वेगावर वेगळं बंधन आहे, आणि व्यवहारात सेकंदाला दोनच्या आसपासच फाइली जातात. मग फाइल ५ केबीची असो की २ एमबीची. १,४६,००० फाइलींना ७३,००० सेकंद, म्हणजे वीस तास. हेच ९० जीबी मोठ्या फाइलींत असते तर चार तासांत गेले असते. तुमच्या लाइनसाठी सीमा ३ एमबीची आहे (६.२५ भागिले २). सरासरी फाइल त्याहून मोठी असेल तर लाइन भरलेली राहते, लहान असेल तर लाइन बसून राहते. तुमच्या कॅमेऱ्याच्या फोटोंची सरासरी ६ एमबीच्या वर आहे, म्हणून ते फोटो आणि व्हिडिओ आहेत तसेच पाठवा. फक्त किरकोळ माल बांधा.

बांधायला सेव्हन-झिप घ्या आणि कॉम्प्रेशन लेव्हल 'स्टोअर' (न दाबता नुसतं एकत्र बांधणं) ठेवा. जेपीईजी आणि एमपी४ मुळातच दाबलेले असतात; पुन्हा दाबून एक-दोन टक्के वाचतात आणि लॅपटॉप तासन्‌तास तापतो. एकेक गठ्ठा २ ते ४ जीबीचा करा, पण तो वर्ष किंवा विषय पाहून वेगळा बांधा. एकाच प्रचंड झिपचे आंधळे तुकडे पाडू नका. तुकड्यांतला एक जरी हरवला तर पुढचा माल सोडवणं कठीण होतं, स्वतंत्र गठ्ठ्यांत फक्त तेवढाच गठ्ठा जातो. प्रत्येक गठ्ठ्याशेजारी त्यातल्या फाइलींची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी एक सातबारा शोधायला चाळीस गठ्ठे उतरवायला लागू नयेत.

आकार ४ जीबीच का? तुमच्या लाइनवर ४ जीबीला अकरा मिनिटं लागतात. प्रोग्रॅम बंद पडला तर फार तर तेवढंच वाया जातं. १०० जीबीची एकच फाइल साडेचार तास घेते आणि शेवटच्या मिनिटाला वीज गेली तर ती पुन्हा शून्यापासून.

आता साधन. ब्राउझरमध्ये फोल्डर ओढून टाकणं ५-१० जीबीपर्यंत ठीक. त्यापुढे टॅब सगळी यादी मेमरीत धरून बसतो, आणि टॅब बंद झाला की काय गेलं, काय राहिलं याची नोंद उरत नाही. ड्राइव्हचं डेस्कटॉप ॲप स्ट्रीम मोडमध्ये फाइली आधी स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) घेतं, आणि ते कॅश मूळ सेटिंगप्रमाणे सी ड्राइव्हवर असतं. डेटा मोठा असेल तर सी भरतो. एवढ्या कामाला आरक्लोन घ्या, म्हणजे आज्ञा टाइप करून फाइली चढवणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, एकच एक्सई फाइल असते, इन्स्टॉलही करावी लागत नाही.

सुरुवातीलाच एक काम करा: गूगल क्लाउड कन्सोलमध्ये स्वतःचा प्रोजेक्ट काढा, ड्राइव्ह एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमला ड्राइव्ह वापरू देणारी सोय) चालू करा, 'डेस्कटॉप ॲप' प्रकारचा क्लायंट आयडी (प्रोग्रॅमची गूगलकडची ओळख) तयार करा आणि तो आरक्लोनच्या कॉन्फिगमध्ये घाला. तो दिला नाही तर आरक्लोनचा सामायिक आयडी वापरला जातो, आणि त्यावर जगभरची गर्दी असते.

मग 'कॉपी' ही आज्ञा वापरा, 'सिंक' नको. सिंक म्हणजे उगमाकडे नाही ते पलीकडूनही पुसणं; डिस्कचं फोल्डर चुकीचं दिलं तर ड्राइव्हवरचं साफ होईल. आधी 'ड्राय-रन' फ्लॅग (आज्ञेला जोडायचा पर्याय; याने प्रत्यक्ष काही चढत नाही) लावून काय होणार ते वाचा. मग हे ठरवा:

ट्रान्सफर्स (एका वेळी जाणाऱ्या फाइली): मुळात ४ असतात, तेच ठेवा. १६ केल्याने ड्राइव्हवर वेग वाढत नाही, फक्त एरर वाढतात.

ड्राइव्ह-चंक-साइज (फाइल ज्या तुकड्यांत जाते त्यांचा आकार): मूळ ८ एमबी. ते ३२ किंवा ६४ करा. दर तुकड्यानंतर सर्व्हरच्या होकाराची वाट पाहावी लागते, तुकडा मोठा केला की ते थांबणं कमी होतं. तेवढी मेमरी प्रत्येक ट्रान्सफरला लागते: ६४ गुणिले ४, म्हणजे २५६ एमबी. तुमच्या ८ जीबीत सहज बसेल. लाइन सतत तुटत असेल तर ८ च बरं, कारण तुटलेला तुकडा पुन्हा पाठवावा लागतो.

लॉग-फाइल: ही हवीच. स्क्रीनवरची एरर वर सरकून जाते.

बीडब्ल्यूलिमिट (वेगमर्यादा): इथे बरेच जण फसतात. हा आकडा बाइटमध्ये असतो, बिटमध्ये नाही. ५० एम लिहिलंत तर तुमच्या लाइनला काहीच बंधन उरत नाही. ५ एम लिहा. वेळापत्रकही देता येतं, उदाहरणार्थ सकाळी ७ पासून ३ एम आणि रात्री ११ पासून ५ एम.

बंद पडलं तर तीच आज्ञा पुन्हा चालवा. पोचलेल्या फाइली आकार आणि बदलाची वेळ पाहून वगळल्या जातात. अर्धवट राहिलेली फाइल मात्र पहिल्यापासून जाते. तुमच्याकडे २०-४० जीबीचे सलग व्हिडिओ असतील तर ते रात्री, लाइन स्थिर असताना पाठवा.

तांब्याची_तार

लाइन आणि विजेचं लिहितो.

लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा. २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर शेजारच्या दहा राउटरांच्या गर्दीत ५० चे २० होतात, आणि ते कधी होतील ते सांगता येत नाही. ज्यांची लाइन १०० च्या वर आहे त्यांनी केबलही तपासावी: आठपैकी चारच तारा जुळलेल्या असतील तर पोर्ट १०० वर अडकतो, पुढे जात नाही.

अपलोड काठोकाठ का भरायचा नाही: डाउनलोड करतानाही तुमच्याकडून पोचपावतीची छोटी पॅकेट वर जावी लागतात. अपलोडची रांग राउटरमध्ये तुंबली की त्या पावत्या मागे अडकतात, आणि घरातल्यांचा व्हिडिओ कॉल, यूपीआय, टीव्ही सगळंच रखडतं. मग कोणीतरी राउटर बंद-चालू करतं आणि तुमचं अपलोड तुटतं. वर सांगितलेली ८५ टक्क्यांची मर्यादा म्हणून ठेवायची. राउटरमध्ये एसक्यूएमची (रांग तुंबू न देण्याची) सोय असेल तर ती चालू करा, मग दिवसाही पूर्ण वेगाने चालवता येईल.

प्लॅनची एफयूपी (वापराची मर्यादा) वाचून घ्या. 'अनलिमिटेड' म्हणवणाऱ्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची रेघ असते, आणि अपलोड-डाउनलोड मिळून मोजतात. १,६०० जीबी त्यात बसतात, पण घरात रोज ओटीटी चालत असेल तर बिलाच्या चक्राच्या सुरुवातीला काम काढा. रेघ ओलांडली की वेग एकदम खाली येतो आणि उरलेल्या १०० जीबीलाच कित्येक दिवस लागतात.

विजेसाठी ओएनटी (फायबरची तार येते ती पेटी) आणि राउटरला मिनी यूपीएस लावा. घेताना दोन्ही ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ चे निघतात. लॅपटॉपची बॅटरी चालते, पण पोर्टेबल डिस्कही तीच बॅटरी खाते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग' ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि विंडोज अपडेट आठवडाभर पॉज करा. रात्री तीनला आपोआप रीस्टार्ट होणं हे अशा कामातलं नेहमीचं विघ्न आहे.

आणि सर्वांत आधी डिस्कची तब्येत. क्रिस्टल-डिस्क-इन्फो हा प्रोग्रॅम उघडा, ०५ आणि सी५ या ओळींचा 'रॉ' आकडा पाहा. रीॲलोकेटेड (बाद करून बदललेले) आणि पेंडिंग (वाचायला अडणारे) सेक्टर दोन्ही शून्य हवेत. पेंडिंग वाढत असेल तर अपलोड सुरूच करू नका. आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडी-रेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. आजारी डिस्क चार दिवस सलग वाचत ठेवली तर ती मधेच मान टाकते. जुन्या तीन डिस्कही पुसू नका, पडताळणी होईपर्यंत त्याच तुमचा आधार आहेत.

लिपिकार

मराठी नावांबद्दल थोडं सविस्तर, कारण यावर सहसा कुठे लिहिलेलं सापडत नाही.

यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलंत हे सगळे स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. 'गणेशोत्सव' म्हणजे ९ चिन्हं, २७ बाइट. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीत फक्त ८५ चिन्हं. विंडोजची एनटीएफएस २५५ चिन्हं मोजते, बाइट नाही. म्हणून विंडोजवर बिनतक्रार चाललेलं लांब नाव घरच्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) उतरवताना अडतं.

आरक्लोनच्या क्रिप्टने (मजकूर पासवर्डने लपवण्याच्या सोयीने) नावंही लपवणार असाल तर जागा आणखी आक्रसते, कारण लपवलेलं नाव मूळ नावापेक्षा लांब होतं. २५५ ची मर्यादा असलेल्या ठिकाणी मूळ नाव १४३ बाइटच्या आत हवं. देवनागरीत ४७ चिन्हं. 'आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्याचे फोटो' हे ११७ बाइट होतं आणि बसतं. त्यालाच 'मूळ प्रती १९९८' जोडलं की १५६ होतं, ते बसत नाही. सुरुवात करण्याआधी लांब नावं शोधून आखडती करा, किंवा क्रिप्टमध्ये नावं उघडी ठेवून फक्त मजकूर लपवा.

दुसरी गोष्ट 'ऱ'. 'दऱ्या', 'चऱ्होली', 'पांढऱ्या' अशा नावांतला हा ऱ युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (खालचा ठिपका) असाही. जुन्या मॅक डिस्क तो फोडून ठेवतात, विंडोज जसा टाइप केला तसा ठेवतं. दोन्हीकडून आलेले फोल्डर एकत्र केले असतील तर डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावं शेजारीशेजारी राहू शकतात. आरक्लोन तुलना करताना हा फरक स्वतःहून पुसतं. आरसिंक हा दुसरा कॉपी प्रोग्रॅम तसं करत नाही, तिथे त्याच फाइली दुसऱ्यांदा जातात. शिवाय काही कीबोर्डांवर 'ऱ्य' हा र, हलंत, अदृश्य जोडचिन्ह आणि य असा उमटतो. तो दिसतो तसाच, पण कोणतंही सामान्यीकरण (अशी रूपं आपोआप एकसारखी करणं) त्याला ऱ शी जुळवत नाही. अशी नावं हातानेच एकसारखी करावी लागतात.

जुन्या वर्ड फाइली श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर त्या फाँटच्या टीटीएफ फाइली त्याच गठ्ठ्यात ठेवा आणि प्रत्येक दस्तऐवजाची एक पीडीएफही काढा. फाँट गेला की मजकूर अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतो, आणि बॅकअप शाबूत असूनही वाचता येत नाही.

दप्तरदार

सर्वांचे आभार, हे फारच उपयोगी आहे. दोन शंका. फोटो गूगल फोटोजमध्येच टाकले तर शोधायला सोपं नाही का? आणि गठ्ठे बांधण्याऐवजी दुसरा मार्ग आहे का? १,४६,००० फाइली वर्षवार लावायलाच आठवडा जाईल.

खडीसाखर

फोटोज बघायला उत्तम आहे, मूळ प्रत ठेवायला नाही. 'स्टोरेज सेव्हर' ठेवलं तर १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटो लहान होतात आणि व्हिडिओ १०८०पी वर येतात. 'ओरिजिनल' ठेवलं तरी तुमची फोल्डरची रचना जाते, आणि पुढे टेकआउटने (डेटा बाहेर काढायच्या गूगलच्या सोयीने) सगळं बाहेर काढताना तिथे केलेल्या तारखांच्या दुरुस्त्या, वर्णनं वेगळ्या जेसन (माहितीच्या टेक्स्ट) फाइलींत येतात, त्या पुन्हा जोडत बसावं लागतं. ड्राइव्ह आणि फोटोज दोन्हीकडे ठेवाल तर जागाही दोनदा मोजली जाईल, २ टीबी पुरणार नाहीत.

गठ्ठ्यांबद्दल माझं मत शून्यएक यांच्याहून वेगळं आहे. किरकोळ ९० जीबी हाताने लावू नका, रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमला द्या. ते लहान फाइली आपोआप सुमारे १६ एमबीच्या पॅकमध्ये भरतं, आरक्लोनमार्फत थेट ड्राइव्हवर लिहितं, आणि सगळं एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) करूनच पाठवतं. म्हणजे आधार-पॅनचा प्रश्नही तिथेच सुटतो. १६ एमबी तुमच्या ३ एमबीच्या सीमेच्या बरंच वर आहे, त्यामुळे लाइन भरलेली राहते. व्हॉट्सॲपचा एकच फोटो पाच फोनच्या बॅकअपमध्ये असेल तर तो एकदाच साठतो. तीन डिस्क एकत्र केल्या आहेत, म्हणजे अशी पुनरावृत्ती भरपूर असणार. मध्येच तुटलं तर पुन्हा चालवा. चढलेले पॅक पुन्हा जात नाहीत.

उणी बाजूही मोठी आहे. ड्राइव्हच्या वेबसाइटवर तुम्हाला फाइली दिसणार नाहीत, फक्त निरर्थक नावांचे तुकडे दिसतील. घरच्यांना फोनवरून लग्नाचा फोटो काढून बघता येणार नाही. आणि पासवर्ड गेला तर डेटा गेला, परत मिळवून देणारं कोणी नाही. पासवर्ड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

म्हणून विभागणी करा: व्हिडिओ आणि कॅमेऱ्याचे फोटो आरक्लोनने उघडे, किरकोळ आणि खाजगी रेस्टिकने.

शून्यएक

ही विभागणी मलाही पटते. किरकोळ माल आधीच वर्षवार लावलेला असेल तरच गठ्ठे बांधा, नाहीतर रेस्टिक.

पडताळणीचं राहिलं होतं. कॉपी संपली म्हणजे पोचलं असं धरू नका. आरक्लोनचं 'चेक' चालवा आणि 'वन-वे' (डिस्कवरचं सगळं ड्राइव्हवर आहे का एवढंच पाहणं) लावा. ड्राइव्ह प्रत्येक फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ओळखआकडा) ठेवतं, आरक्लोन तुमच्या डिस्कवरून तोच काढून ताडून बघतं. काहीही उतरवावं लागत नाही. डिस्क मात्र पूर्ण वाचली जाते. यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी धरले तर तुमच्या १,५१० जीबीला सव्वाचार तास, आणि केबल जुन्या यूएसबी २ पोर्टमध्ये असेल तर बारा तास. 'मिसिंग-ऑन-डीएसटी' आणि 'डिफर' हे फ्लॅग देऊन राहिलेल्या आणि वेगळ्या निघालेल्या फाइलींची यादी वेगळ्या फाइलीत घ्या. रेस्टिकच्या भागासाठी 'चेक' सोबत 'रीड-डेटा-सबसेट' १० टक्के द्या. तेवढे पॅक ते उतरवून तपासतं, म्हणजे सुमारे ९ जीबी.

ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ठेवू देतं. अपलोड तुटून पुन्हा जोडताना अशा जोड्या क्वचित तयार होतात, आणि चेक गोंधळात पडतं. लॉगमध्ये 'डुप्लिकेट' दिसलं तर 'डीड्यूप' (दुहेरी फाइली काढणारी) आज्ञा चालवा, आधी ड्राय-रन.

मग एक फेरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा, तुमच्या लॅपटॉपमधली कोणतीही कॉन्फिग फाइल न नेता. फक्त कागदावर लिहिलेला पासवर्ड आणि गूगलचं लॉगिन वापरून वेगवेगळ्या वर्षांचे चार-पाच व्हिडिओ आणि रेस्टिकमधलं एक फोल्डर उतरवा, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. हे जमलं नाही तर पासवर्डाचा कागद अपुरा आहे, आणि ते आत्ता कळलेलं बरं.

खात्याबद्दल: २ टीबीची जागा ड्राइव्ह, फोटोज आणि जीमेल मिळून असते. ती भरली की जीमेलवर येणारी मेल परत जायला लागते. बँकेची मेल ज्या खात्यावर येते त्यावर हा साठा ठेवू नका, वेगळं खातं काढा. 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये (खातं बराच काळ वापरलं नाही तर काय करायचं हे ठरवायची गूगलची सोय) घरातल्या एका व्यक्तीचं नाव घाला. ३, ६, १२ किंवा १८ महिन्यांची मुदत निवडता येते.

क्लायंट आयडी करताना ओऑथचं (लॉगिनच्या परवानगीचं) स्टेटस 'टेस्टिंग' राहिलं तर लॉगिनचं टोकन (परवाना) सात दिवसांत मरतं. अपलोड साडेतीन दिवसांचं आहे म्हणून पहिल्या वेळी ते लक्षात येत नाही, पुढच्या महिन्यात नवे फोटो चढवताना 'इनव्हॅलिड ग्रँट' अशी एरर येते. कन्सोलमध्ये ॲप 'इन प्रॉडक्शन' करा, मग 'कॉन्फिग रीकनेक्ट' एकदा चालवा. ब्राउझरमध्ये 'हे ॲप पडताळलेलं नाही' अशी सूचना येईल. आयडी तुमचाच आहे, 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन पुढे चला.